दिवा, तेल आणि वाट पाहणं

मागच्या वेळी आपण नारायण वामन टिळकांच्या ख्रिस्ती अभंगांविषयी बोललो. आज त्यालाच लागून असलेला प्रश्न घेऊ : ख्रिस्त पुन्हा येणार, या आशेला मराठीनं कोणते शब्द दिले, आणि ते पुरेसे आहेत का?

आपण सोलापूरकर. वाट पाहणं आपल्याला शिकवावं लागत नाही. आषाढीच्या आधी नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी इथली घरं झाडून-सारवून तयार असतात. पिठलं-भाकरी, पाणी, अंथरूण, सगळं पालखीच्या आधी हजर. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पालखीची तारीख पंचांगात असते. आणि पंढरपुरात विटेवर उभा राहून वाट पाहतो तो देव. ख्रिस्ती आशेत हे दोन्ही उलटं होतं. वाट भक्तानं पाहायची, आणि तारीख त्याला माहीत नाही.

आता टिळक. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते मानत. अभंग हा विरहासाठी घडलेला छंद आहे. तळमळ, भेटीची ओढ, त्यात सहज मावते. टिळकांनी ख्रिस्ताला माय म्हटलं, गुरू म्हटलं, तेव्हा मराठी मंडळीत तो घरचा झाला. हे त्यांचं मोठं ऋण, ते आम्ही मान्य करतो. पण आमची तक्रारही आहे. जो इतका जवळ आहे, तो अजून यायचा आहे, ही धार त्या गोडीत बोथट होते. न्यायाचा दिवस, जगाचा हिशेब, हे अभंगाच्या लयीत जरा परकं वाटतं. आम्ही ती पदं डोळे मिटून गातो आणि घरी जाऊन निवांत झोपतो.

मग उलट टोकाचे प्रवचनकार येतात. युद्ध झालं, भूकंप झाला, की यांची बोटं मोजायला लागतात. ही तयारी नव्हे. ही येशूच्या येण्याची पालखी करणं झालं : तारीख काढा, त्या दिवसापुरतं अंगण झाडा!

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला आठवा. आपण नेहमी सांगतो की शहाण्या जाग्या होत्या. नाही हो! वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणींना झोप लागली. फरक जागरणाचा नाही, तेलाचा आहे. आणि तेल ऐन वेळी उसनं मिळत नाही. दाखल्यातली सगळ्यांत कठोर गोष्ट हीच, आणि आमच्या प्रवचनांत तीच हळूच गाळली जाते.

हे तेल कसं दिसतं? सोलापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. १९०५ साली तिथं मोठं आत्मिक जागरण झालं. मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत. त्या काळात जगभरच्या अशा जागरणांत प्रभू लवकर येणार ही भावना तीव्र होती. रमाबाईंनी काय केलं? दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घातलं, शिकवलं, छापखाना चालवला. हिब्रू-ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर वर्षानुवर्षं केलं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल त्यांच्या मागून छापून आलं.

कुणी म्हणेल, प्रभू उद्याच येणार तर पुढच्या पिढीसाठी भाषांतर कशाला? आमच्या मते उत्तर याच प्रश्नात आहे. धनी कधीही येईल असं खरोखर मानणारा माणूस हातातलं काम टाकत नाही, ते दाखवण्याजोगं करतो. आपल्या भाषेत याला कंबर कसणं म्हणतात, आणि लूकच्या बाराव्या अध्यायातले चाकरही कंबर बांधून, दिवे लावूनच उभे आहेत.

तेव्हा टिळकांची ओढ सोडू नका, पण ती रमाबाईंच्या छापखान्याशेजारी ठेवा. ओढीवाचून काम म्हणजे नुसती नोकरी. आणि कामावाचून ओढ? कोरडी वात. आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येकानं आपलं एक अर्धवट काम आठवावं : न फेडलेलं देणं, तुटलेला अबोला, टाळलेली भेट. तेल तिथं भरायचं आहे.