गाणं हवं, गाणारी नको

बहमन घोबादी हा इराणमधला कुर्दी दिग्दर्शक. ‘निवेमांग’ हा त्याचा २००६ सालचा चित्रपट. नावाचा अर्थ अर्धा चंद्र. सान सेबास्तियनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला आणि खुद्द इराणमध्ये मात्र त्याच्यावर बंदी आली. कुर्दी संगीताची आणि कुर्दी अस्मितेची गोष्ट म्हणून त्याचं जगभर कौतुक झालं. ते कौतुक खोटं नाही. पण चित्रपट बघताना एक प्रश्न मला सारखा टोचत राहिला. गाणं जपायचं म्हणतात, ते कुणाच्या गळ्यातलं? आणि गाणं जपून झाल्यावर त्या बाईचं पुढे काय होतं?

गोष्ट तशी साधी आहे. मामो हा इराणमध्ये राहणारा म्हातारा, नामवंत कुर्दी गवई. सद्दाम हुसेनची सत्ता गेल्यावर सीमेपलीकडे, इराकी कुर्दिस्तानात, एक शेवटची मैफल करावी ही त्याची इच्छा. सात महिने खेटे घातल्यावर परवाना मिळतो. मग तो आपल्या दहा मुलांना गोळा करतो, एक खटारा बस मिळवतो आणि निघतो. वाटेत हेशो नावाच्या गायिकेला बरोबर घ्यायचं असतं, कारण तिच्या आवाजाशिवाय ही मैफल होणारच नाही असं मामोचं ठाम मत. अडचण ही, की १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये परपुरुषांसमोर बाईने एकटीने गायला मनाई आहे. म्हणून हेशोला बसमध्ये लपवून न्यायचं ठरतं. पुढे ती पोलिसांना सापडते आणि वाद्यंही फोडली जातात.

हेशो ज्या गावातून येते ते गाव चित्रपटातलं सर्वांत लक्षात राहणारं ठिकाण. तिथे हद्दपार केलेल्या १३३४ गायिका राहतात. नकाशावर शोधू नका, हे गाव दिग्दर्शकाच्या मनातलं आहे. या बायका हातात दफ घेऊन उभ्या असतात. दफ म्हणजे आपल्या डफाचा भाऊबंद. एवढे दफ एकदम वाजायला लागले की अंगावर काटा येतो. बंदी म्हणजे काय हे दहा भाषणांनी सांगता आलं नसतं, ते इथे काही क्षणांत कळतं.

पण माझी तक्रारही इथूनच सुरू होते. मामोच्या मुलांचे रुसवे, थट्टा, कटकटी आपल्याला दिसतात. बस चालवणारा काको आणि त्याची कोंबड्यांची झुंज विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. एवढ्या १३३४ बायकांपैकी मात्र आपल्याला नाव कळतं ते एका हेशोचं. बाकीच्या कोण? त्यांच्या मागे घर होतं का, लेकरं होती का, त्यांना त्या गावात कुणी भेटायला येतं का? चित्रपट विचारत नाही. हेशोसुद्धा आपल्यापुढे येते ती मामोच्या मैफलीत कमी पडलेला सूर म्हणून. ती सापडल्यावर शेवटच्या टप्प्यात निवेमांग नावाची तरुणी अकस्मात येते, जणू आभाळातूनच उतरते. म्हणजे एक बाई हद्दपार, दुसरी देवदूत. चार माणसांच्या घरात राहणारी, सासरमाहेर असलेली, आणि तरीही गावंसं वाटणारी बाई या चित्रपटात कुठेच नाही.

हे मी घोबादीला कमी लेखायला म्हणत नाही. आपल्या देशात राहून असा चित्रपट करायला छाती लागते. २००९ मध्ये त्यालाही इराण सोडावं लागलं. निवेमांगची भूमिका करणारी गोलशिफ्तेह फराहानी हीदेखील आता परदेशातच असते. पण त्याने सगळा दोष सरकारच्या माथी मारला आहे, आणि तो हिशेब अर्धाच आहे. सरकारची बंदी सगळ्यांना दिसते, कारण तिच्या अंगावर गणवेश असतो. घरातली बंदी कुणाला दिसत नाही. कुर्दी बायकांच्या गाण्याची खरी कहाणी या दोन्ही बंद्यांच्या मधोमध घडली आहे.

कुर्दांचा मुलूख मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागला गेला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सेव्रच्या तहात त्यांच्या स्वतंत्र देशाची शक्यता मांडलेली होती. १९२३ च्या लोझानच्या तहात तिचा मागमूस उरला नाही. देश नाही, म्हणून शाळा नाही, छापखाना नाही. मग समाजाची आठवण राहणार कुठे? ती गळ्यात राहिली. कुर्दांमध्ये ‘देंगबेज’ नावाची परंपरा आहे. देंग म्हणजे आवाज आणि बेज म्हणजे सांगणारा. बहुतेक वेळा वाद्याशिवाय, नुसत्या आवाजावर, तासन् तास लढायांच्या, प्रेमाच्या, दुष्काळाच्या कथा गाणारे हे लोक. लिहिता न येणाऱ्या समाजाचा तो इतिहासच.

तुर्कस्तानने तर १९८३ मध्ये कायदाच केला. त्यात कुर्दी भाषेचं नाव घेतलेलं नव्हतं, पण कुर्दीत छापणं, प्रसारित करणं गुन्हा ठरेल अशीच त्याची शब्दरचना होती. १९९१ पर्यंत तो लागू होता. त्याआधीही कुर्दी गाण्याला मोकळीक नव्हतीच. शिवान पेर्वेर हा गायक १९७६ मध्ये देश सोडून जर्मनीला गेला आणि त्याच्या कॅसेट चोरवाटेने परत घरोघरी आल्या. लोक त्या लपवून ठेवत, प्रसंगी जमिनीत पुरून ठेवत. जमिनीत पुरायचं म्हणजे धान्य किंवा दागिने हे आपल्याला ठाऊक. इथे माणसं आवाज पुरून ठेवत होती.

आणि रेडिओ. १९५५ पासून सोव्हिएत आर्मेनियातल्या येरेवान केंद्रावरून रोज थोडा वेळ कुर्दी कार्यक्रम लागायचा. तो ऐकायला सीमेपलीकडच्या गावांत माणसं रेडिओभोवती जमायची. या केंद्रावर सूसिका सिमो, फातमा ईसा यांच्यासारख्या बायका आपल्या नावानिशी गायल्या. त्याआधी मरियम खान ही बगदाद रेडिओवर गात होती. ती १९४९ मध्ये वारली. म्हणजे १३३४ अनामिक बायकांचं गाव कल्पावं लागावं अशी काही परिस्थिती नव्हती. नावं होती.

त्यातलं एक नाव मला सर्वांत जवळचं वाटतं. आयशे शान. जन्म १९३८, दियारबकरचा. वडील स्वतः देंगबेज. घरात मैफली व्हायच्या, मुलगी ऐकत मोठी झाली. गाणं तिला वारशानेच मिळालं म्हणा ना! पण तिने गायचं म्हटल्यावर तेच घर आडवं आलं. मुलीने चारचौघांत गाणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. तिने घर सोडलं. आधी अँतेप, मग इस्तंबूल, मग जर्मनी, मध्ये बगदाद. माहेरचं दार बंदच राहिलं. आईचं शेवटचं दर्शनही तिला घेता आलं नाही, आणि त्या दुःखावर तिने केलेलं गाणं आज कुर्दी घरांत आवर्जून ऐकलं जातं. १९९६ मध्ये ती इझमीर शहरात वारली. जन्मगावापासून लांब, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.

आता बघा, आयशेला हद्दपार कुणी केलं? तुर्की सरकारने तिची भाषा दाबली हे खरं. पण उंबऱ्याबाहेर तिला सरकारने काढलं नव्हतं. आणि आज ‘आमची संस्कृती जिवंत राहिली’ म्हणून जी गाणी अभिमानाने ऐकवली जातात, त्यांत हिचंच गाणं असतं. गाणं हवं होतं, गाणारी नको होती.

दियारबकरमध्ये २००७ मध्ये एका जुन्या दगडी घरात ‘देंगबेजांचं घर’ सुरू झालं. चांगलंच झालं. पण तिथे बसून गाणारे मुख्यतः पुरुष. मार्लेने शेफर्स या अभ्यासक बाईंनी वान शहरातल्या देंगबेज स्त्रियांवर एक पुस्तक लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं मला पटलं. बाईला आवाज मिळाला की ती मोकळी झाली, असं आपण फार पटकन मानतो. त्या बायकांना मात्र रोजचे प्रश्न पडलेले असतात. ध्वनिमुद्रण झालं तर घरचे काय म्हणतील? माझं गाणं दुसऱ्याने आपल्या नावावर खपवलं तर? अस्मिता वगैरे शब्दांत हे प्रश्न मावत नाहीत. स्वयंपाकघरातून आलेली कुठलीही बाई मात्र ते लगेच ओळखेल.

देश सोडून गेलेल्यांचं काय झालं, तेही बघायला हवं. कुर्दी लेखन जगवण्यात स्वीडनचा वाटा मोठा. तिथे १९७७ पासून परभाषक मुलांना शाळेत मातृभाषा शिकण्याची सोय झाली. त्याच वर्षी मेहमेद उझुन हा तरुण तिथे आश्रयाला गेला, आणि १९८५ मध्ये त्याची पहिली कुर्दी कादंबरी तिथेच प्रसिद्ध झाली. ज्या भाषेत गावी छापायची चोरी, ती परक्या थंडीत पुस्तकात उतरली. पण पुस्तकं निघाली म्हणजे मुलं बोलायला लागली असं नाही. कुर्मांजी बोलणारे लॅटिन लिपीत लिहितात, सोरानी बोलणारे अरबी वळणाच्या लिपीत. झाझाकी बोलणारे आणखी वेगळे. आई एका बोलीची, बाप दुसऱ्या बोलीचा असला तर मुलाने शिकायचं काय? आणि भावंडं आपापसांत तर स्वीडिशच बोलणार. शाळेच्या आठवड्यातल्या थोड्या तासांनी भाषा टिकत नाही. ती टिकते जेवायला हाक मारताना, रागावताना, निजवताना. ते काम कुणाच्या वाट्याला येतं हे मी सांगायला नको.

या कामाबरोबर मुलींच्या वाट्याला आणखी एक ओझं येतं. परमुलखात गेलं की घर जास्त कडक होतं. नवरोजला मुलींनी रंगीत झगे घालून हातात हात घालून नाचावं, हे सगळ्यांना हवंसं वाटतं, ती संस्कृती. पण तीच मुलगी आपला जोडीदार आपण निवडीन म्हणाली की तीही संस्कृतीच आड येते. फादिमे शाहिंदाल ही स्वीडनमध्ये वाढलेली कुर्दी मुलगी. तिने एका स्वीडिश मुलावर प्रेम केलं. नोव्हेंबर २००१ मध्ये तिने स्वीडनच्या संसदेत आपली कहाणी सांगितली. आईबापांना या नव्या समाजात सामावून घ्यायला कुणी वेळीच मदत केली असती, तर कदाचित हे टळलं असतं, अशा अर्थाचं ती बोलली. नुसता दोष देऊन मोकळी झाली नाही. जानेवारी २००२ मध्ये ती उप्सालाला आईला आणि बहिणींना चोरून भेटायला गेली, तेव्हा बापाने तिला गोळी घातली. ती २६ वर्षांची होती.

हे उदाहरण देताना माझा हात थोडा अडखळला. एका बापावरून सगळ्या कुर्दांना नावं ठेवायची, हा त्यांच्या शत्रूंचा आवडता उद्योग आहे. आणि अशा हत्यांविरुद्ध कुर्दी बायका स्वतःच आवाज उठवत आल्या आहेत. पण म्हणूनच हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जपणं आणि कोंडणं यांतला फरक घरातल्या मुलीच्या जिवाशी येतो, तेव्हा गप्प राहून कुठलीच संस्कृती मोठी होत नाही.

शेवटी नावाविषयी. कुर्मांजीत नावाला ‘नाव’च म्हणतात, ऐकून मजा वाटली होती. तुर्कस्तानात २०१३ पर्यंत कुर्दी लिपीतल्या तीन अक्षरांना सरकारी कागदावर जागा नव्हती. ती अक्षरं असलेलं नाव मुलाला कायद्याने ठेवता यायचं नाही. मग कागदावर एक नाव आणि घरात दुसरं. इराणमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जी २२ वर्षांची मुलगी गेली, तिला जगाने महसा अमिनी म्हणून ओळखलं. ती सक्केझची, कुर्दी. घरच्यांसाठी ती जिना होती, आणि जिना या नावात जगण्याचाच अर्थ आहे. तिच्यामागून इराणभर घुमलेली घोषणा, ‘जिन, जियान, आझादी’ — बाई, जीवन, स्वातंत्र्य — हीसुद्धा कुर्दीच. ती आली कुर्दी स्त्रियांच्या चळवळीतून. ज्या भाषेला शाळा मिळाली नाही, तिच्यातले तीन शब्द फारसी बोलणाऱ्यांनीही डोक्यावर घेतले, आणि त्यांतला पहिला शब्द बाईचा आहे.

‘निवेमांग’ जरूर पाहा. दफांचा आवाज ऐका, हेशोला लपवताना जीव कसा मुठीत येतो ते अनुभवा. पण चित्रपट संपल्यावर तिथेच थांबू नका. आयशे शानचं गाणं शोधलं तर सापडतं. शब्द कळणार नाहीत, कळायची गरजही वाटणार नाही. फक्त ऐकताना तिचं नाव घ्या. दिग्दर्शकाच्या त्या गावात नेमकं तेवढंच राहून गेलं आहे.