नाममुद्रा आणि निर्माता : दुकानी छापाच्या मापनसाधनांच्या कर्तृत्वनिर्णयाची चिकित्सा

एखाद्या जुन्या अमेरिकन मायक्रोमीटरवर ‘क्राफ्ट्समन’ हे नाव कोरलेले आढळले, तर त्यावरून एवढेच सिद्ध होते की तो सीअर्स-रोबक या व्यापारी पेढीमार्फत विकला गेला. तो कोणी घडविला, हा प्रश्न त्या नावाने सुटत तर नाहीच, उलट झाकला जातो. सीअर्सने हे नाव १९२७ साली आपल्या हत्यारांसाठी नोंदविले, हलक्या प्रतीच्या मालासाठी ‘डनलॅप’ हे दुसरे नाव वापरले, आणि दोन्ही नावांखालचा माल निरनिराळ्या कारखानदारांकडून करवून घेतला. हे कारखानदार कोण, याचा शोध घेणारे संग्राहक व हत्यारांचे इतिहासकार आज पुष्कळ आहेत. त्यांनी जमविलेली सामग्री विपुल व बहुमोल आहे. परंतु तिच्यावरून निष्कर्ष काढण्याची त्यांची रीत मात्र चिकित्सेस उतरत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित वाटू नये. नामदेवाच्या गाथेत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीची रचना मिसळून गेली आहे, आणि केवळ अखेरच्या नाममुद्रेवर भिस्त ठेवली तर दोघांना वेगळे करता येत नाही. भेद इतकाच की तेथे दोन रचनाकार एका नावाखाली एकत्र आले, येथे नाव मुळी रचनाकाराचे नव्हेच. ते विकत घेणाऱ्याचे आहे. दोन्ही ठिकाणी मुद्रा बाजूस ठेवून घडणीकडे पाहावे लागते. घडणीतले नेमके काय पाहावे, यावरच सारा वाद आहे.

प्रचलित रीत साम्याची आहे. क्राफ्ट्समन मायक्रोमीटर स्टॅरेटच्या किंवा ब्राउन अँड शार्पच्या मायक्रोमीटरसारखा दिसला की तो त्यांचाच, असा निर्णय दिला जातो. आता मायक्रोमीटरची कुळकथा पाहा. पॅरिसच्या पाल्मेरने १८४८ साली स्क्रूच्या मापकाचे पेटंट घेतले; १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ते साधन ब्राउन आणि शार्प यांच्या दृष्टीस पडले, आणि तेथून ते अमेरिकेत रुजले. स्क्रूचे इंचास चाळीस आटे, थिंबलवर पंचवीस भाग, म्हणजे एका भागास इंचाचा एक सहस्रांश : ही योजना पुढे जवळजवळ प्रत्येक इंची मायक्रोमीटरने उचलली. नालाच्या आकाराची चौकट, स्लीव्हवरील दहा अंक, चौकटीवर कोरलेली दशांशांची कोष्टके, हे सारे त्याच सामायिक वारशात मोडते. अशा गुणांतील साम्य कितीही मोठे असले तरी त्यावरून एकाच कारखान्याचे कर्तृत्व ठरत नाही. दोन भाषांनी मूळभाषेतील एखादे रूप जतन केले म्हणून त्या एका उपशाखेच्या ठरत नाहीत. दोघींनी मिळून काही नवे केले असेल तरच ठरतात. तुलनात्मक व्याकरणाने हा नियम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का केला. पाठचिकित्सेतही साक्षीदार पोथ्यांचे नाते शुद्ध पाठांवरून जुळवीत नाहीत, समान प्रमादांवरून जुळवितात. कारण शुद्ध पाठ कोठूनही येऊ शकतो, विशिष्ट प्रमाद मात्र सहसा एकाच उगमातून येतो.

तेव्हा कार्याने जे गुण सक्तीचे केले ते वगळावेत, आणि ज्यांच्या बाबतीत घडविणारा मोकळा होता तेथे लक्ष द्यावे. प्रॉव्हिडन्सच्या स्लोकम कारखान्याची चौकट इंग्रजी ‘आय’ अक्षरासारख्या छेदाची असे. मिनेसोटातील सेंट जेम्स येथील ट्युब्युलर मायक्रोमीटर कंपनीची मोठी मायक्रोमीटरे नळीच्या चौकटीची असत; कंपनीचे नावच त्यावरून पडलेले आहे. अशी चौकट दुकानी नावाखाली आढळली तर तो बलवत्तर पुरावा होय. याहून लहान, पण माझ्या मते याहून विश्वसनीय, खुणा दुसरीकडे असतात : अंक ठोकण्याच्या पंचांचे वळण, खाचदार पकडीची वीण, आणि शून्य जुळविण्याची युक्ती. कोणी ॲन्व्हिल सरकवितो, कोणी लहान पान्याने स्लीव्ह फिरवितो, कोणी टोकाची टोपी सैल करून थिंबलच स्पिंडलवर फिरवून बसवितो. तिन्ही मार्गांनी साधन सारखेच अचूक होते, म्हणूनच त्यांतील निवड ही घराण्याची खूण ठरते. पंचांचे तर हस्ताक्षरासारखेच आहे. तिनाचा माथा सपाट की गोल, चाराचे तोंड उघडे की बंद, हे ग्राहकाला दिसत नाही आणि दुकानदाराच्या करारातही येत नाही; म्हणून ते बदलण्याचे कोणास कारण पडत नाही.

याउलट, अभावावरून केलेले अनुमान येथे फारच फसवे असते. दुकानी माल स्वस्त पडावा म्हणून कारखानदार स्वतःच्या मालातला रॅचेट किंवा अडकण त्यातून वगळीत, झिलई साधी ठेवीत. आपलेच साधन आपल्याच किमतीशी स्पर्धा करू नये, ही त्यांची व्यावहारिक निकड होती. ‘अमक्या कारखान्याचा असता तर यास रॅचेट असता’ हा युक्तिवाद मी एकाहून अधिक वेळा वाचला आहे. तो टाकाऊ आहे.

लेखी पुराव्याची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. सीअर्सच्या यंत्रांवर क्रमांकाच्या आरंभी एक पुरवठादारदर्शक संख्या असे : १०१ म्हणजे कॅलमझूची ॲटलस प्रेस, १०३ म्हणजे किंग-सीली, ११३ म्हणजे इमर्सन इलेक्ट्रिक. लेथ अगर ड्रिल यंत्राचा निर्माता यामुळे चटकन कळतो. परंतु मायक्रोमीटरसारख्या हातातल्या साधनांना ही सोय बहुधा लाभत नाही, आणि यंत्रांची किल्ली त्यांना लावू पाहणे व्यर्थ आहे. पेटंटक्रमांक अधिक उपयोगी. १९२७ च्या अमेरिकन कायद्याने नव्या पेटंटांसाठी वस्तूवर तारखेऐवजी क्रमांक घालण्याची पद्धत आणली. दहा लाखावा क्रमांक १९११ साली, वीस लाखावा १९३५ साली आणि तीस लाखावा १९६१ साली दिला गेला, म्हणून क्रमांक पाहताच त्या साधनाच्या काळाची पूर्वमर्यादा निश्चित होते. पण पेटंटाचा धनी तोच घडविणारा, असे नाही. परवाना दुसऱ्यास देता येतो. शिवाय कारखाने विकले जातात. ग्रीनफील्डची गुडेल-प्रॅट ही पेढी १९३१ साली मिलर्स फॉल्समध्ये विलीन झाली. अशा विलीनीकरणात साचे, पंच आणि कारागीर नव्या मालकाकडे जातात, आणि घडण तीच राहून निर्माता बदलतो. अशा वेळी ‘कोणी केले’ हा प्रश्न ‘केव्हा केले’ याच्या उत्तरावाचून निरर्थक होतो.

व्यापाऱ्याची सूचीपत्रे हा तिसरा आधार. त्यांतील चित्रे वस्तूची साक्ष म्हणून पुढे केली जातात. ठसा एकदा तयार झाला की तो पुनःपुन्हा छापणे दुकानदारास सोयीचे. दरम्यान पुरवठादार बदललेला असू शकतो आणि सूचीक्रमांक तोच राहू शकतो. एकाच ग्रंथनामाखाली दोन भिन्न वाचना असाव्यात तसा हा प्रकार. म्हणून सूचीपत्र विक्रीच्या वर्षाबद्दल प्रमाण मानावे, घडणीबद्दल नव्हे.

मला सर्वांत गंभीर वाटणारा दोष मात्र पुराव्याचा नसून साक्षीदारांचा आहे. एखाद्या साधनाचे कर्तृत्व दहा ठिकाणी सारखेच सांगितलेले दिसते, आणि त्या एकमताने वाचक निःशंक होतो. सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत महाभारताच्या पोथ्यांविषयी जो कटाक्ष ठेवला, तो येथेही हवा : मतैक्याला किंमत येते ती साक्षीदार परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हाच. दहांपैकी नऊ जणांनी दहाव्याचे उतरून घेतले असेल तर साक्ष एकच. आणि तो दहावाही पुष्कळदा ‘सारखे दिसते’ एवढ्यावरच थांबलेला असतो. त्याने लिहिलेले ‘बहुधा’ दुसऱ्या नकलेत गळते, तिसऱ्या नकलेत त्याला वर्ष जोडले जाते.

हा वाद केवळ हौसेचा नाही. स्टॅरेटचे नाव जोडले की वस्तूची किंमत वाढते, आणि म्हणून संशयास्पद वस्तू मोठ्या नावांकडे ओढल्या जातात. ज्यांची स्वतःची जाहिरात क्षीण होती आणि ज्यांचे काम मुख्यतः दुसऱ्यांच्या नावाने बाजारात गेले, ते लहान कारखाने यात दुसऱ्यांदा पुसले जातात : एकदा करारामुळे, एकदा संशोधकामुळे. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ साली स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकरकडे गेले, तेव्हा पूर्वीच्या पुरवठादारांची ओळख त्या नावात शोधणे तर आता अधिकच निष्फळ.

संग्रहालयांच्या व संग्राहकांच्या नोंदींत निदान तीन पदे वेगळी ठेवावीत, असे सुचवावेसे वाटते. पेटंट, काळ आणि घडण या तिन्हींचा स्वतंत्र मेळ बसेल तेथे ‘अमुक-निर्मित’. केवळ ऐच्छिक खुणा जुळतील तेथे ‘अमुक-घराण्याचे’. आणि नुसते साम्य असेल तेथे ‘अमुक-सदृश’. आज पहिल्या पदाने मिरविणाऱ्या नोंदींपैकी कितीतरी तिसऱ्यात जातील. त्या तशा जाव्यात. रिकाम्या राहिलेल्या जागी कोणाचे नाव यायचे, ते पंचांचे ठसे भिंगाखाली धरणाऱ्याने ठरवावे.