गौस, कार्ल फ्रीड्रिख : लेखन व प्रभाव

(३० एप्रिल १७७७–२३ फेब्रुवारी १८५५). जर्मन गणितज्ञ, ज्योतिर्विद व भौतिकीविज्ञ. जन्म ब्रन्सविक येथे. १८०७ पासून अखेरपर्यंत ते गॉटिंगेन वेधशाळेचे संचालक होते. थोडेच परंतु परिपक्व असे लिहावे, हे त्यांचे ब्रीद होते. त्यांच्या लेखनाचे सामर्थ्य व मर्यादा या दोहोंचे मूळ त्यात आढळते.

डिस्क्विझिशनेस ॲरिथमेटिकी (१८०१) हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा गौस अवघे २४ वर्षांचे होते. फेर्मा, ऑयलर, लाग्रांझ व लझांद्र यांनी शोधलेले संख्यांचे गुणधर्म तोवर बरेचसे विखुरलेले होते. या ग्रंथाने संख्या सिद्धांताला सुसंघटित शास्त्राचे रूप दिले. विशिष्ट संख्येने भागल्यावर सारखीच बाकी उरणाऱ्या संख्या समशेष मानावयाच्या, ही कल्पना व तिचे चिन्ह प्रारंभीच येते. १९ व ५ यांना ७ ने भागल्यास दोन्ही वेळा बाकी ५ उरते. म्हणून ७ च्या संदर्भात त्या समशेष होत. वरवर साधी दिसणारी ही सोय पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरली. द्विघाती व्युत्क्रमतेच्या नियमाची पहिली पूर्ण सिद्धताही याच ग्रंथात आहे. तेवढ्याने गौस यांचे समाधान झाले नाही. या एका नियमाच्या त्यांनी एकूण सहा सिद्धता प्रसिद्ध केल्या.

मांडणी निर्दोष खरी, पण दुर्गम. इमारत पुरी होताच परांची उतरवावी, तसा शोधाचा मार्ग त्यांनी लेखनातून पुसून टाकला आहे. हा ग्रंथ अभ्यासकांच्या आवाक्यात आला तो मुख्यतः डीरिक्ले यांच्या व्याख्यानांमुळे. डेडेकिंट यांनी ती १८६३ मध्ये प्रसिद्ध केली. वक्रपृष्ठांवरील १८२७ च्या प्रबंधाचेही असेच झाले. पृष्ठाची वक्रता पृष्ठावरच घेतलेल्या मापांवरून ठरते, या त्यातील सिद्धांताचा व्यापक विस्तार रीमान यांनी १८५४ च्या व्याख्यानात केला. पुढे आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताला त्याचाच आधार मिळाला.

अप्रकाशित लेखनाची कथा मात्र खेदजनक आहे. न्यूनतम वर्ग पद्धती लझांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. ती आपण १७९५ पासून वापरीत आहोत, असे गौस यांनी १८०९ मध्ये लिहिले व वाद ओढवला. तरुण यानोश बोल्यॉई यांची अयूक्लिडीय भूमिती १८३२ मध्ये वडिलांच्या ग्रंथाचे परिशिष्ट म्हणून बाहेर पडली. तिची स्तुती करणे म्हणजे आत्मस्तुतीच होईल, अशा आशयाचे पत्र गौस यांनी बोल्यॉई यांच्या वडिलांना धाडले. दावा खोटा नव्हता. पण लोकांच्या गदारोळाच्या भीतीने ज्याने स्वतःचे विचार दडवून ठेवले, त्याच्याकडून नवोदिताला जाहीर पाठिंब्याचा एक शब्दही मिळू नये, हे समर्थनीय नाही. बोल्यॉई यांनी त्यानंतर गणितातील काहीच प्रसिद्ध केले नाही.

गौस यांची १७९६–१८१४ या काळातील, १४६ नोंदींची गणितीय टीपवही १८९८ मध्ये उजेडात आली व क्लाइन यांनी ती १९०१ मध्ये प्रसिद्ध केली. आबेल व याकोबी यांनी १८२७ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलेल्या विवृत्तीय फलनांच्या सिद्धांतातील कित्येक गोष्टी गौस यांना तीस वर्षे आधीच गवसल्या होत्या, याचा पुरावा तीत आढळतो. तोवर त्या दोघांनी उभारलेली गणितशाखा तिच्यावाचूनच बहरली होती.