भेंडी, घो आणि फँड्री

तुम्हाला पहिली मराठी शिवी कुणी शिकवली? आई-बाबांनी नाही, निदान मुद्दाम तरी नाही. इथे न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या मुलांना विचारलं की उत्तरं ठरलेली येतात: सुट्टीत भेटलेला चुलतभाऊ, मराठी सिनेमा, हल्ली यूट्यूब. म्हणजे जे शब्द घरात ऐकायला मिळत नाहीत ते पडद्यावरून येतात, आणि येताना त्यांचं वजन किती हे कुणी सांगत नाही. मग कुणीतरी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना निरागसपणे 'च्यायला' म्हणतं आणि पलीकडे दोन सेकंद शांतता पसरते. (आजी नंतर हसते. बाबा हसत नाहीत.)

पॉडकास्टमध्ये या विषयाला वेळ कमी पडला, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते आहे. प्रश्न साधा आहे: सिनेमा-टीव्हीवर शिवी नेमकी कशाला म्हणायची, आणि बनावट शिवी खरी शिवी का वाटते?

सुरुवात घराजवळून करू. मी राहते अप्पर हटमध्ये. शहराच्या उत्तरेला काइतोके नावाचं जंगलउद्यान आहे, तिथे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं रिव्हेंडेल उभं केलं होतं. याच रिव्हेंडेलमध्ये घडणारा एक प्रसंग पुढे 2012 च्या 'हॉबिट'मध्ये आहे. एल्रॉन्ड त्याच्या भाषेत काहीतरी बोलतो, बुटक्यांच्या टोळीतल्या एकाला वाटतं की हा आपला अपमान करतोय, तो चिडून पुढे येतो, आणि गँडाल्फ त्याला सांगतो की बाबा रे, तो जेवायला बोलावतोय. मला हा प्रसंग या विषयावरच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त आवडतो. भाषा कळत नसली तरी शिवी 'ऐकू येते'. समोरच्याचा आपल्यावर राग आहे असं आधीच धरून चाललं, की त्याचा कुठलाही शब्द शिवीच वाटतो.

पटकथाकार नेमका याचाच फायदा घेतात. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मधला 'फ्रॅक' 1978 मध्ये आला. 2004 च्या नव्या मालिकेत त्याच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर मुद्दाम काढलं, म्हणजे तो अक्षरशः चार अक्षरांचा शब्द झाला. ब्रिटिश 'रेड ड्वार्फ'मध्ये 'स्मेग' आहे. 'द गुड प्लेस'मध्ये तर नायिकेला शिवी देताच येत नाही, तोंडातून आपोआप 'फोर्क' आणि 'शर्ट' बाहेर पडतं. हे सगळे शब्द चालतात, कारण वाक्यातली जागा, जोर आणि चेहरा खऱ्या शिवीचा आहे. कान रिकामी जागा स्वतः भरून घेतो.

आता मराठीकडे या. आपल्याकडे हा उद्योग कुठल्या लेखकाने केलेला नाही, पोरांनी केलाय. 'भेंडी' घ्या. भाजी आहे, बाजारात मिळते, कुणाच्या बापाची हिंमत नाही आक्षेप घ्यायची. पण पहिलं अक्षर उच्चारताच सगळ्यांना कळतं की गाडी कुठे चालली होती आणि ऐन वेळी कुठे वळली. माझ्या मते हा मराठीतला 'फ्रॅक' आहे, आणि त्याहून बरा, कारण तो अंतराळात राहत नाही, मंडईत राहतो.

'च्यायला'ची गोष्ट निराळी. '...च्या आईला' एवढंच वाक्य आहे, पुढचं क्रियापद गिळलेलं. 'आयला', 'मायला' याच घराण्यातले. मराठीत शिवी सौम्य करायची ही एक जुनी रीत आहे: कर्म ठेवायचं, क्रिया खाऊन टाकायची. इतकी वर्षं खाल्ल्यावर ती क्रिया आता कुणाला आठवतही नाही, आणि 'आयला, मस्त झालंय हे!' असं म्हणताना आईचा काही संबंध उरत नाही. न्यूझीलंडमध्ये 'बगर' या शब्दाचं हेच झालं. 1999 मधली टोयोटा हायलक्सची जाहिरात तुमच्या आई-बाबांनी इथे आल्यावर कधी ना कधी पाहिली असेल: शेतकरी, चिखल, दोरीवरचे कपडे, आणि शेवटी कुत्राही तोच एक शब्द म्हणतो. तक्रारी झाल्या, त्या फेटाळल्या गेल्या, आणि शब्द जवळजवळ घरगुती होऊन बसला.

पण शब्द घरगुती होणं सगळीकडे सारखं नसतं, आणि इथे 'घो' येतो. 2010 मध्ये महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आला. नावावरूनच गदारोळ झाला. एका बाजूचं म्हणणं, ही सरळसरळ शिवी आहे, तीही आईवरून आणि शिक्षणासारख्या पवित्र गोष्टीला. दुसऱ्या बाजूचं उत्तर व्याकरणाचं होतं: मालवणी-कोकणीत 'घो' म्हणजे नवरा, 'आयचा घो' म्हणजे आईचा नवरा, म्हणजे बाप. यात वाईट काय? सिनेमा त्याच नावाने लागला.

आता यात बरोबर कोण? माझ्या मते दोघंही थोडे खोटं बोलत होते. अर्थ 'बाप' असला म्हणून उच्चार निष्पाप ठरत नाही. मालवणी माणूस 'तुझ्या आवशीचो घो!' म्हणतो तेव्हा तो वडिलांची चौकशी करत नसतो. पण ती ऐकणारा मालवणी माणूस दुखावतोच असंही नाही. त्यात राग असू शकतो, लाड असू शकतो, नुसतं आश्चर्यही असू शकतं. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' 1980 मध्ये रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी ते घरोघरी पोचवलं, 5000 हून जास्त प्रयोग झाले, आणि त्यातल्या मालवणी शिव्यांवर कुटुंबं एकत्र बसून हसली. तिथे शिवी बोलीचा भाग होती. पात्रं एकमेकांची होती, प्रेक्षकांना ते नातं दिसत होतं. पोस्टरवर नातं दिसत नाही, नुसते शब्द दिसतात. त्यात 'प्रमाण' मराठी बोलणाऱ्याला बोलीतला शब्द आधीच जरा असभ्य वाटतो. मालवणीच काय, वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलणाऱ्या मित्राला विचारा, नुसतं बोलल्यावर 'भांडतोयस का?' असं किती वेळा ऐकावं लागतं ते. रिव्हेंडेलच्या बुटक्यासारखं आहे हे, फक्त इथे जेवायला बोलावणाऱ्यालाच माफी मागावी लागते.

मग बीप कुणी ठरवायचं? 2015 च्या सुरुवातीला भारताच्या सेन्सॉर बोर्डाने नको असलेल्या शब्दांची यादीच काढली होती. एवढा आरडाओरडा झाला की ती बासनात गेली. त्याच सुमारास एका गाण्यातला 'बॉम्बे' हा शब्दही बीप झाला होता. यादीने शिव्या पकडायला गेलं की असंच होतं. 2024 च्या मार्चमध्ये 'कॉलेज रोमान्स' या हिंदी वेबमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाषा शिवराळ किंवा असभ्य आहे एवढ्याने ती अश्लील ठरत नाही. कायद्यापुरतं ठीक. पण अश्लीलता हा मुळात चुकीचा मापदंड आहे असं मला वाटतं, आणि म्हणून 'फँड्री' परत पाहावा असं सुचवते.

नागराज मंजुळेंचा 2013 चा हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. शीर्षक कैकाडी भाषेतलं आहे, अर्थ डुक्कर. शब्दकोशात घातलात तर प्राण्याचं नाव, कुठलंही सेन्सॉर बोर्ड त्यावर बोट ठेवणार नाही. पण जब्या आणि त्याचं कुटुंब गावासमोर डुकरामागे धावत असताना, ज्या वर्गमित्रांपासून हे लपवायचं होतं तेच तो शब्द ओरडतात, तेव्हा सगळ्या सिनेमात त्याच्याइतकी जिव्हारी लागणारी शिवी दुसरी नाही. गंमत, म्हणजे गंमत नाहीच ही, त्याच्याच घरातल्या भाषेचा शब्द उचलून त्याच्यावर फेकलाय. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट कॅमेऱ्याकडे, आपल्याकडे.

याच्या शेजारी आता संध्याकाळच्या मराठी मालिका ठेवा. तुमच्या घरी त्या चालू असतात, खोटं बोलू नका. तिथे कुणी 'च्यायला' म्हणत नाही. पण सासू सुनेला 'अवदसा', 'सटवी', 'पांढऱ्या पायाची' म्हणते, पार्श्वसंगीत ढणढणतं, आणि बीप वाजत नाही. 'सटवी' तर सटवाई देवीवरून आलेली. बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी देवता, तिचं नाव बाईला हिणवायला. 'पांढऱ्या पायाची' यात एकही असभ्य अक्षर नाही, फक्त घरातल्या मृत्यूचं खापर त्या बाईवर फोडलेलं असतं. मुलांसमोर हे चालतं आणि 'भेंडी' म्हटलं की चॅनल बदलतात.

न्यूझीलंडची ब्रॉडकास्टिंग स्टँडर्ड्स अथॉरिटी दर काही वर्षांनी लोकांना विचारते की रेडिओ-टीव्हीवर कोणते शब्द चालणार नाहीत. अलीकडच्या फेऱ्यांत 'बगर'सारखे जुने शब्द तळाला गेलेत आणि वंशावरून हिणवणारे शब्द वर चढलेत. म्हणजे शरीराचे अवयव मागे पडले, माणसाची ओळख पुढे आली. मराठीत असा सर्वे कुणी केला तर प्रश्नावलीत 'च्यायला' आणि 'भेंडी' सगळे घालतील. 'पांढऱ्या पायाची' कोण घालेल, आणि शिवी म्हणून फेकली जाणारी जातींची नावं कोण घालेल, हे मला बघायचंय.

वेलिंग्टनमध्येच घडणारा 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (2014) आठवतो? त्यातल्या लांडगामाणसांचा म्होरक्या आपल्या टोळीला शिव्या देऊ देत नाही. आपण कोण आहोत याची सारखी आठवण करून देतो, आणि पौर्णिमेला ते सगळे मिळून एकावर तुटून पडतात. पुढच्या वेळी घरी मालिका लागली की म्होरक्या आठवा. आणि आजीला विचारा की 'अवदसा' कुणाकुणाला म्हणत असत, आणि कधी. आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर एक संध्याकाळ गेली, जेवण थंड झालं.