पहारा कराराचा की वस्तुस्थितीचा? : 'एफसीओईमॉन' या डीमनची समीक्षा

लिनक्स प्रणालीच्या पुस्तिकेतील आठवा विभाग प्रशासकांसाठी राखलेला आहे. त्यात 'एफसीओईमॉन' या नावाचे एक पान आहे. 'ओपन-एफसीओई' प्रकल्पातील एका डीमनचे, म्हणजे पडद्यामागे अखंड चालणाऱ्या कार्यक्रमाचे, वर्णन त्यात केलेले आहे. असल्या पानांकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. अडचण आली म्हणजे पान उघडावयाचे, हवी ती ओळ उचलावयाची आणि मिटावयाचे, एवढाच त्यांचा उपयोग समजला जातो. तथापि एका मोठ्या तांत्रिक वादाचा निवाडा या पानात दोन-चार चलांच्या नावांआड उरकलेला आहे, आणि तो निवाडा कितपत टिकतो हे तपासून पाहण्याजोगे आहे.

वाद असा. साठवणीची जाळी आणि सर्वसाधारण संगणकजाळी यांची घडण परस्परविरोधी गृहीतांवर झालेली आहे. फायबर चॅनेल या पद्धतीत (तिचे मूळ मानक 1994 चे) पाठविणाऱ्याने घेणाऱ्याकडून मिळालेल्या जागेच्या हिशेबाबाहेर एकही चौकट पाठवावयाची नसते. घेणारा एक जागा रिकामी करतो, तसे कळवितो, आणि मगच पुढची चौकट निघते. गर्दीमुळे चौकट टाकून देण्याचा प्रसंग येतच नाही, असे या पद्धतीने धरून चालावयाचे. साठवणीसाठी रूढ असलेल्या तिसऱ्या वर्गाच्या सेवेत हरवलेली चौकट खालच्या थरावर पुन्हा पाठविण्याची सोय म्हणूनच ठेवलेली नाही. एक चौकट गेली की संपूर्ण आज्ञाच रद्द करून नव्याने द्यावी लागते. लिनक्समध्ये डिस्कवरील आज्ञेची मुदत मुळात 30 सेकंदांची असते. तेव्हा दोन किलोबाइटांच्या एका तुकड्यापायी वाचन वा लेखन अर्धा मिनिट खोळंबणे अशक्य नाही.

इथरनेटची वृत्ती याच्या उलट आहे. 1973 साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत तिचा आरंभ झाला तेव्हापासून टक्कर, गर्दी आणि हानी या गोष्टी तिने नित्याच्या मानल्या. हरवलेले भरून काढण्याचे काम तिने वरच्या थरावर सोपविले, आणि टीसीपीने ते पत्करले. 2004 साली आरएफसी 3720 या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या आयस्कझीने साठवणीच्या आज्ञा टीसीपीवर बसवून हा वाद एका अर्थाने मिटविलाच होता. एफसीओईच्या पुरस्कर्त्यांना मात्र तो मार्ग पसंत नव्हता. 2009 साली टी-11 समितीने पूर्ण केलेल्या एफसी-बीबी-5 या मानकाने फायबर चॅनेलची चौकट जशीच्या तशी इथरनेटच्या चौकटीत ठेवली. गाडी तीच ठेवून रस्ता बदलण्याचा हा प्रयत्न होता. त्या चौकटीतील माहिती 2,112 बाइटांपर्यंत जाते. इथरनेटची रूढ मर्यादा 1,500 बाइटांची. म्हणून रस्ता आधी सुमारे 2,500 बाइटांइतका रुंद करावा लागला, आणि मग तो हानिरहितही करावा लागला.

या दुसऱ्या कामात खरी गोम आहे. 1997 च्या 802.3एक्स मानकातील 'थांबा' हा संकेत संपूर्ण दुवाच थांबवीत असे. 2011 च्या 802.1क्यूबीबी मानकाने दुव्यावरील वाहतुकीचे आठ अग्रक्रम पाडून त्यांपैकी हवा तो एकच थांबविण्याची सोय केली. एफसीओईसाठी तिसरा अग्रक्रम वापरण्याचा प्रघात आहे. परंतु 'थांबा' म्हटल्यावर तत्क्षणी काही थांबत नाही. प्रकाशतंतूतून संकेताला मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद लागतात. 100 मीटरांच्या तारेवर जाण्यायेण्यात एक मायक्रोसेकंद जातो, आणि तेवढ्या अवधीत दहा गिगाबिटांच्या दुव्यावरून 1,250 बाइट येऊन पडतात. निघू लागलेली चौकट अर्ध्यावर तोडता येत नाही, तिची भर निराळीच. एवढी जागा स्विचने प्रत्येक दुव्यावर आधीच राखून ठेविली असेल, तरच हानिरहितता खरी. एरवी ती कागदावरच राहते.

मार्च 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स 2.6.29 मध्ये एफसीओईचा प्रवेश झाला. माहितीची ने-आण कर्नलमध्ये होते. एफसीओईमॉनमधून एकही चौकट जात नाही. त्याचे काम निर्णयाचे आहे. तो एका बाजूने कर्नलच्या सूचना ऐकतो: दुवा उठला, दुवा पडला. दुसऱ्या बाजूने एलएलडीपॅड या दुसऱ्या डीमनला विचारतो, की शेजारच्या स्विचशी काय ठरले? अग्रक्रमनिहाय थांबण्याची सोय दोघांनी मान्य केली आहे काय? एफसीओईला दिलेला अग्रक्रम त्या सोयीखाली येतो काय? तिसऱ्या बाजूस प्रत्येक दुव्याची स्वतंत्र विन्यास-फाइल आणि प्रशासकाने एफसीओईएडीएममार्फत दिलेल्या आज्ञा. या साऱ्यांचा मेळ बसला म्हणजे तो एफसीओईचा जोड निर्माण करतो वा चालू करतो. मेळ बिघडला तर स्थगित करतो अथवा मोडतो. नावातला 'मॉन' हा देखरेखीचा द्योतक आहे, परंतु पानातील क्रियापदे दाराची कडी हाती असलेल्याची आहेत. नाव आणि काम यांतील ही तफावत किरकोळ समजू नये. देखरेख करणारा चुकला तर नोंद चुकते. कडी हाती असलेला चुकला तर डिस्कच नाहीशी होते.

तेव्हा तो पाहतो काय, हा प्रश्न अगत्याचा ठरतो. एलएलडीपॅडकडून त्याला कळते ती शेजाऱ्याशी झालेल्या बोलणीची निष्पत्ती. ही बोलणी एका दुव्यापुरती, म्हणजे संगणक आणि त्याला लागून असलेला स्विच यांच्यातच होतात. नियमित निवेदन 30 सेकंदांनी एकदा होते. त्यात 'राजी' या अर्थाचा एक बिटही असतो: तो लावला की शेजाऱ्याचा विन्यास संगणक निमूटपणे स्वीकारतो. पलीकडच्या दुसऱ्या वा तिसऱ्या स्विचवर कोणी अग्रक्रमांची मांडणी बिघडवून ठेविली असेल, किंवा वर सांगितलेली राखीव जागा तारेच्या लांबीच्या मानाने अपुरी असेल, तर एफसीओईमॉनच्या दृष्टीने सारे यथास्थित असते. त्याचा पहारा करारावर आहे; चौकटी खरोखरीच पडतात की पोहोचतात, या वस्तुस्थितीवर नाही.

ही वस्तुस्थिती अज्ञेय असती तर आक्षेपास जागा नव्हती. परंतु चुकलेल्या आणि टाकलेल्या चौकटींची गणती त्याच संगणकावर होत असते, आणि त्याच संचातील एफसीओईएडीएमला आकडेवारी मागितली की ती पडद्यावर येते. एकाच घरात पुरावा एका खोलीत आणि न्यायाधीश दुसऱ्या खोलीत, अशी ही रचना आहे. पुस्तिकेचे पान या दोहोंमधील अंतराचा उल्लेख करीत नाही. कार्यपद्धतीच्या भागात ते सूचना व अटी क्रमाने सांगते, आणि ते सांगणे स्वच्छ आहे यात वाद नाही; मात्र अटी पुऱ्या झाल्या म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, याविषयी ते मौन पाळते.

हे मौन सर्वांत महाग पडते ते 'डीसीबी_रिक्वायर्ड' या चलापाशी. त्याचे मूल्य 'होय' असेल तर एफसीओईमॉन वरील चौकशी करतो. 'नाही' असेल तर ती चौकशी सोडून दुवा उठला की जोड उभारतो. आता, काही अडॅप्टरांमध्ये शेजाऱ्याशी बोलणी करण्याचे काम अडॅप्टरच्या स्वतःच्या फर्मवेअरकडे असते. तेथे एलएलडीपॅडने त्या दुव्यावर तोंड उघडू नये आणि चलाचे मूल्य 'नाही' ठेवावे, हाच योग्य विन्यास होय. याच्या उलट, साध्या अडॅप्टरवर आणि साध्या स्विचवर, जोड उभा राहीना म्हणून त्रासलेला माणूस तेच मूल्य 'नाही' करतो, आणि जोड उभा राहतो! पहिल्या ठिकाणी 'नाही'चा अर्थ 'पहाऱ्यास दुसरा कोणी बसला आहे' असा आहे. दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द 'पहाऱ्यास कोणी नाही' असे सांगतो. फाइल वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग नाही. दोन विरुद्ध परिस्थितींना एकच मूल्य देणारे चल हे भाषेच्या दृष्टीने सदोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. येथे तीन मूल्ये हवी होती, आणि तिसरे जोडण्यास फार मोठी किंमत पडली नसती.

निर्णय चुकीच्या बाजूस गेला म्हणजे काय होते? स्थगिती आणि मोडणे यांत येथे मोठे अंतर आहे. स्थगितीत वरच्या थराला दुवा पडल्यासारखे दिसते. दूरस्थ दाराची वाट पाहण्याची मुदत लिनक्समध्ये मुळात 60 सेकंद असते आणि तोवर आज्ञा अडवून धरल्या जातात. मोडणे म्हणजे उपकरणच काढून घेणे. फायबर चॅनेलच्या पुढाऱ्या स्विचची हजेरी दर 8 सेकंदांनी येते, आणि अडीच खेपा चुकल्या की आभासी दुवा मृत समजला जातो. ती दखल कर्नल घेतो. शेजाऱ्याचे निवेदन 30 सेकंदांचे, आज्ञेची मुदत 30 सेकंदांची, दाराची 60 सेकंदांची. ही सारी घड्याळे निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या काळी लावलेली आहेत, आणि रात्री दोन वाजता डिस्क का गेली हे शोधणाऱ्यास ती सगळी एकाच नोंदवहीत उलगडावी लागतात. संगणक याच जाळ्यावरील डिस्कवरून सुरू होत असेल तर गुंता आणखी वाढतो. तेव्हा एफसीओईमॉनचा स्वतःचा कार्यक्रमही तो ज्या दाराची कडी सांभाळतो त्याच दारापलीकडे ठेवलेला असतो.

कर्त्यांच्या बाजूनेही काही म्हणता येईल, आणि ते दुर्बळ नाही. टाकलेल्या चौकटी मोजून दार लावणारा पहारेकरी अधिक धोक्याचा ठरला असता. क्षणिक गर्दीत दार लागावयाचे, आज्ञा साचावयाच्या, दार उघडताच त्यांचा लोंढा यावयाचा आणि पुन्हा दार लागावयाचे, असे आंदोलन सुरू झाले असते. करार ही स्थिर गोष्ट आहे. तिच्यावर निर्णय टेकविणे म्हणजे निर्णयही स्थिर ठेवणे. हा युक्तिवाद दार लावण्यापुरता मान्य करावा लागतो. करार शाबूत असताना चौकटी पडत आहेत, एवढे नोंदवहीत लिहिण्यास मात्र त्याने कोणतीच हरकत येत नाही. वाखाणण्याजोगी गोष्ट ही की 'होय' असताना हा डीमन उभारणीची घाई करीत नाही. खातरजमा होईतो तो थांबतो.

'डीमन' हा शब्द संगणकशास्त्रात 1963 च्या सुमारास एमआयटीतील 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये मॅक्सवेलच्या राक्षसावरून आला, असे त्या प्रकल्पातील फर्नांडो कोर्बाटो यांनी सांगितले आहे. मॅक्सवेलचा तो काल्पनिक द्वारपाल दोन कोठड्यांमधील झडप रेणूंचा वेग पाहून उघडतो आणि मिटतो. 1929 साली झिलार्डने आणि पुढे 1961 साली लांडाउअरने, 1982 साली बेनेटने त्याचा हिशेब तपासला, आणि पाहण्याची व पाहिलेले पुसण्याची किंमत कोणी दिली हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या पटावर आला. आपला द्वारपाल त्या मानाने काटकसरी आहे. रेणूकडे न पाहता रेणूच्या शिफारसपत्राकडे पाहून तो झडप हलवितो.

सॉफ्टवेअर एफसीओईला पुढे ओहोटी लागली. 2019 साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून ते वगळण्यात आले. त्यामुळे ही समीक्षा मृताची चिकित्सा ठरते, असे कोणी म्हणेल. पण हानिरहित इथरनेट मेलेले नाही. एका संगणकाच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत थेट वाहतूक करणाऱ्या रॉसी या पद्धतीने तेच अग्रक्रमनिहाय थांबणे उचलले आणि मोठ्या संगणनकेंद्रांत पसरविले. 2016 च्या सिगकॉम परिषदेत मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी अशा जाळ्याचा आपला अनुभव मांडला. त्यात बिघडलेले एकच अडॅप्टर 'थांबा' म्हणत राहिले तर ते थांबणे स्विचामागून स्विच पसरत कसे जाते, याचे वर्णन आहे. तेथे करारात काहीच खोट नव्हती. दोन्ही बाजूंनी तो अक्षरशः पाळला जात होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी अडॅप्टरवर एक आणि स्विचवर एक असे दोन पहारेकरी बसविले. थांबण्याचे संकेत प्रत्यक्षात किती वेळ येत आहेत आणि रांग पुढे सरकते की नाही, एवढेच ते पाहतात, आणि मर्यादा ओलांडली की त्या दाराची हानिरहितता काढून घेतात.