काळी एकचा धडा

पियानोचा पहिला धडा पुस्तकातून घ्या, ॲपवर घ्या किंवा क्लासला जाऊन घ्या, तो साधारण असाच असतो. जोडीने बसलेल्या दोन काळ्या पट्ट्या शोधा. त्यांच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. मधल्या सीवर उजवा अंगठा ठेवा, पुढच्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर उरलेली चार बोटं. बोटं गोल, जणू तळव्याखाली चेंडू आहे. मनगट सैल. आता मोजा : एक, दोन, तीन, चार.

यातली गंमत कळायला मला आठ महिने लागले. सी सापडतो तो काळ्या पट्ट्यांमुळे. पांढऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात. दोन काळ्या, मग तीन काळ्या, या गटांशिवाय तिथे पत्ता लागत नाही. पण सी एकदा सापडला की त्याच काळ्यांना हात लावायचा नाही. ज्याला रस्ता विचारला त्याच्याकडे पुन्हा बघायचंही नाही, असा प्रकार.

मी कोड लिहून पोट भरतो. गेल्या वर्षी जानेवारीत ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला, एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि रोज सकाळी स्टँडअपच्या आधी वीस मिनिटं बसू लागलो. धडे संपत गेले, हिरव्या खुणा मिळत गेल्या. गणपतीत घरी गेलो तेव्हा कीबोर्डही नेला. बाबा संध्याकाळी घरच्या घरी भजनं म्हणतात. आमच्या पेटीचा भाता फाटून बरीच वर्षं झाली, तेव्हापासून ते नुसत्या टाळावर गातात. म्हणाले, "शिकतोयस ना? मग धर की. काळी एक."

मी अंगठा सीवर ठेवला. म्हणजे आपली पांढरी एक.

"अरे, ही पांढरी. मी काळी एक म्हणतोय."

कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं. एकदा दाबलं की सगळे सूर अर्ध्या सुराने वर सरकतात. ते दाबलं आणि तीच पांढरी पट्टी वाजवत राहिलो. ऐकू काळी येत होती. बाबांनी दोन ओळी म्हटल्या, मग माझ्या हाताकडे बघितलं. "म्हणजे तुला काळी एक येत नाही." रागाने नाही, किराण्याचं बिल तपासल्यासारखं. मग त्यांनी टाळ घेतले आणि पुढचं एकट्याने म्हटलं. (स्केलचेंजर पेटीसुद्धा हेच करते, हे मला ठाऊक आहे. पण तिथे पट्ट्या डोळ्यांदेखत सरकतात, लपवाछपवी नसते.)

हे माझं अपयश आहेच. पण आठ महिने मन लावून धडे केलेल्या माणसाला घरातलं शुद्ध स्वरांचं एक साधं भजन त्याच्या पट्टीत धरता येऊ नये, यात धड्यांचाही काही हात असावा अशी शंका आली. म्हणून मी ती पुस्तकं पुन्हा उघडली, या वेळी शिकण्यासाठी नाही, तपासण्यासाठी.

जॉन थॉम्पसनचं 'टीचिंग लिटल फिंगर्स टू प्ले' १९३६चं. अजून विकलं जातं. त्यात दोन्ही अंगठे एकाच मधल्या सीवर येतात, उजवा हात तिथून वर, डावा तिथून खाली. कागदावर हे देखणं दिसतं, कारण तो सी बरोबर दोन्ही स्वरपटांच्या मध्ये पडतो, आणि शार्प-फ्लॅटच्या खुणा लिहाव्या लागत नाहीत. वाचायला शिकवायचं असेल तर ही सोय खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ही सोय कागदाची आहे. तिच्यावर 'सोपं' असं लेबल लागतं आणि शिकणारा समजतो की हातालाही हेच सोपं. काळ्या पट्ट्या पुढे येतात त्या पाहुण्यासारख्या; त्या खुणांना इंग्रजीत ॲक्सिडेंटल म्हणतात, म्हणजे शब्दातच अपघात. त्यांना स्वतःचं नावही नाही. सीच्या वरची म्हणून सी शार्प, डीच्या खालची म्हणून डी फ्लॅट. आपल्या पेटीवर मात्र काळी एक ते काळी पाच, प्रत्येकीला स्वतःचा नंबर. गाणारा आपली ओळख सांगतो तीच मुळी त्यावरून.

फेबर यांच्या 'पियानो ॲडव्हेंचर्स'ची पहिली पायरी या बाबतीत बरी आहे. तिथे सुरुवातच दोन आणि तीन काळ्यांच्या गटांवर वाजवण्यापासून होते. पण स्वरलिपी आली की तेही मधल्या सीकडे वळतात.

आता हात. टेबलावर पंजा सहज टेकवून बघा. मधली तीन बोटं लांब, अंगठा आणि करंगळी आखूड. पाचही टोकं सपाट पांढऱ्या पट्ट्यांवर एका रेषेत आणायची तर लांब बोटं मुडपावी लागतात. शोपँ पॅरिसमध्ये शिकवण्या करूनच घर चालवायचा. पियानो शिकवण्याचं एक पुस्तक त्याने लिहायला घेतलं होतं, ते अपुरंच राहिलं. त्यात त्याने हात ठेवायला सांगितलेली जागा सीवर नाही : अंगठा ई या पांढरीवर, पुढची तीन लांब बोटं तीन काळ्यांवर, करंगळी बी या पांढरीवर. काळ्या उंच आणि आत असतात, लांब बोटं तिथे आपोआप पोचतात. स्केल शिकवताना तो पाच काळ्या असलेल्या बी मेजरने सुरू करायचा. सगळी पांढरी सी मेजर त्याच्या मते वाचायला सोपी आणि हाताला सगळ्यांत अवघड.

बाबांची काळी एक म्हणजे डी फ्लॅट मेजर. तिच्यातही पाच काळ्या, आणि पांढऱ्या दोनच. दोन्ही हातांनी ती वाजवली तर दोन्ही अंगठे एकाच वेळी त्या दोन पांढऱ्यांवर, म्हणजे ग आणि नी वर, पडतात. बाकी सगळ्या काळ्या लांब बोटांच्या. सी मेजरमध्ये मात्र उजवा अंगठा म वर जातो आणि डावा प वर. दोघांची वळणं वेगवेगळ्या ठिकाणी. नवशिक्याचे हात तिथेच अडखळतात. मीही तिथेच अडखळायचो आणि ॲप मला मंद गतीने पुन्हा तेच वाजवायला लावायचं. चूक डिफॉल्टमध्ये असेल तर किती वेळा रन करणार?

बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस' मला या सगळ्यात प्रामाणिक वाटलं. १५३ तुकडे, सहा खंड, पहिले दोन त्याच्या मुलाला, पेटरला अर्पण केलेले. पहिल्या सहा चालीही पाच बोटांच्याच, पण दोन्ही हात एकच चाल सप्तकाच्या अंतराने वाजवतात. म्हणजे उजव्या अंगठ्याबरोबर डावी करंगळी. पेटीवाल्या घरातल्या माझ्यासारख्याचा डावा हात फक्त भात्यापुरता; त्याला पहिल्याच पानावर चाल वाजवावी लागते. अवघड आहे, पण अवघड असल्याचं पुस्तक लपवत नाही.

तालाच्या बाबतीत माझी तक्रार छोटी आहे. सुरुवातीचे धडे लांब सुरांचे असतात. चार मात्रांचा सूर म्हणजे एकदा पट्टी दाबायची आणि तीन मात्रा वाट बघायची, तोवर पियानोचा आवाज विरतही जातो. पेटीवर भाता चालू असेपर्यंत सूर जिवंत असतो. पियानोवर नवशिक्या मुख्यतः थांबायला शिकतो. त्यातून ॲपमध्ये, तुम्ही योग्य पट्टी दाबेपर्यंत गाणंच थांबून राहतं, अशी सोय असते. वाट बघणाऱ्या गाण्यात ताल कसला? आरतीला टाळ्या वाजवणारं चार वर्षांचं पोरही ठेका धरतं, कारण आरती कोणासाठी थांबत नाही. बार्टोकच्या शेवटच्या खंडात बल्गेरियन लयीतले सहा नाच आहेत, त्यातल्या एकाच्या मात्रा दोन, दोन, तीन अशा तुटतात. आपला रूपक तीन, दोन, दोन. तो तुकडा मी अजून वाजवू शकत नाही, पण टाळ्यांवर मोजला तेव्हा अडलो नाही.

आणि तो तळव्याखालचा चेंडू. खऱ्या पियानोच्या पट्टीला वजन असतं, बोटामागे हाताचा भार यावा लागतो, म्हणून बोटाची कमान लागते. माझ्या हलक्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना फुंकर पुरते. आठ महिने मी कारण नसलेला आकार जपत होतो.

सध्या मी काळी एकवर सा धरतो, उजव्या तर्जनीने. पहिला सूर अंगठ्याचा नाही, याची सवय व्हायला दोन आठवडे गेले. भजनाची पहिली ओळ हातात बसली आहे, अंतऱ्यात तार सप्तकात जाताना अजून घोटाळा होतो. बाबांना फोनवर वाजवून दाखवलं. म्हणाले, "पट्टी बरोबर आहे. पण तू घाईत आहेस."

यंदाही कीबोर्ड नेणार आहे. ट्रान्सपोजच्या बटणावर चिकटपट्टी लावली आहे.