वाद्यवृंदाची आठवण आणि मराठी समीक्षेचा कान

मैफलीच्या आठवणी लिहिण्याची मराठीतील परंपरा समृद्ध आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे यांच्या लेखनाकडे आपण बहुधा ललित गद्य म्हणून पाहतो. वस्तुतः आपल्या संगीतसमीक्षेचे ते एक मूलभूत साधन आहे. ख्यालगायनाला प्रयोगाबाहेर स्वतंत्र संहिता जवळजवळ नसते. बंदिश हा सांगाडा; त्या रात्री गायकाने तिच्यातून जे उभे केले तेच खरे संगीत. ध्वनिमुद्रण दुर्मीळ होते त्या काळात हे संगीत ऐकणाऱ्याच्या कानातच काय ते उरत असे. म्हणून आपल्याकडील मैफलीची आठवण केवळ भावविवश स्मरणरंजन न राहता दस्तऐवजाचे काम करू लागली.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या श्रवणाची आठवण लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकापुढे नेमकी येथेच अडचण उभी राहते. सिंफनीची संहिता लिहिलेली असते. ब्राम्सची पहिली सिंफनी १८७६ मध्ये प्रथम सादर झाली; तिचा स्वर न् स्वर आजही कागदावर आहे. तेव्हा 'काय वाजले' हे सांगण्याची जबाबदारी आठवणीवर उरत नाही. उरते ते 'कसे वाजले' हे सांगणे. नाट्यसमीक्षेत आपण संहिता आणि प्रयोग असा जो विवेक करतो, तोच येथे लागू करावा लागतो. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसऱ्या भागातून चौथ्या भागात मध्ये न थांबता जायचे असते. नगाऱ्यासारख्या टिंपनीचे दबके ठोके चालू राहतात आणि त्या अंधुकतेतून एकाएकी पूर्ण वाद्यमेळ उसळतो. आधीच्या तीन भागांत गप्प असलेले ट्राँबोन तेथे प्रथमच बोलतात. ते दबके ठोके किती दबके ठेवायचे, उसळी किती राखून धरायची, हा प्रयोगाचा प्रश्न आहे. या क्षणाविषयी ज्या आठवणीला काही सांगता येत नाही, ती आठवण कार्यक्रमपत्रिकेपलीकडे गेलेली नाही असेच म्हणावे लागेल.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांवर पुष्कळ वाद झाला. परंतु तो प्रामुख्याने काव्याच्या संदर्भात. वरील उदाहरणात ही तत्त्वे किती सहज कानाला येतात हे पाहण्यासारखे आहे: अंधुक आणि लख्ख यांतील विरोध, त्याच ठोक्यांनी सांधलेला संवाद आणि अखेरीस साधलेला समतोल. लयतत्त्वांना वाद्यवृंदाच्या श्रवणातून मिळू शकणारा हा आधार आपल्या सौंदर्यमीमांसेने फारसा वापरलेला नाही. आपल्या भाषेत या संगीतासाठी परिभाषाही स्थिर झालेली नाही. हार्मनीला कोणी स्वरमेळ म्हणतो, कोणी स्वरसंवाद. शब्द डळमळीत असला की लिहिणारा विशेषणांचा आश्रय घेतो, आणि विशेषणे संपली की व्यक्तीचा.

ती व्यक्ती म्हणजे वाद्यवृंदाचा संचालक. मैफलीत ज्याची आठवण ठेवायची तोच नादाचा कर्ता असतो. वाद्यवृंदात मात्र ज्याच्याकडे सर्वांची दृष्टी, तो स्वतः एकही स्वर काढीत नाही. या विरोधाभासाला आपल्या अनुभवात समांतर नाही असे नव्हे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की शेकडो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवीत राहते; चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मग शांतता होते. येथेही न गाणाऱ्याच्या हाती समूहाचा नाद आहे. फरक असा की, चोपदार नाद थांबवितो, घडवीत नाही. आणि दिंडीला टाळ वाजवीत राहण्याचा जो अधिकार आहे तो वाद्यवृंदातील व्हायोलिनवादकाला प्रयोगाच्या वेळी नाही. उपमा जेथे तुटते तेथेच संचालकाच्या सत्तेचे स्वरूप स्पष्ट होते.

या सत्तेचे गूढ उकलावे म्हणून श्रोता संचालकाला भेटू पाहतो. अशा भेटींचे वृत्तांत मात्र बहुधा निराशा करतात. मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते पाहावे. त्यांचे क्रिकेटचे वेड आणि परदेशातही तिखट मिरच्या जवळ बाळगण्याची सवय वाचकांच्या लक्षात राहते. त्यांचा ब्रुकनर राहत नाही. मोठा माणूस आपल्यासारखाच आहे या समाधानात त्याचे मोठेपण कशात आहे हा प्रश्न बुडून जातो.

याउलट मेहतांनी स्वतः सांगितलेली एक आठवण समीक्षेच्या दृष्टीने मोलाची आहे. त्यांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याचे, पारशी, हौशी, व्यावसायिक असे वादक जमवून चाललेला तो उद्योग होता. त्याच्या तालमी आणि घरातील तबकड्या यांवर मुलाचा कान तयार झाला. १९५४ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि तेथे कार्ल बोम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी त्याने ऐकली. तो नाद पुढे आयुष्यभर त्यांचा मानदंड ठरला. या आठवणीत स्तुती नाही, भेट नाही. संहिता आधीच ठाऊक असलेल्या कानाला प्रयोगाने बसलेला धक्का आहे. ज्ञात आणि श्रुत यांतील हे अंतर मोजणे म्हणजेच अशा लेखनाचे कार्य.

तथापि कान निर्वात पोकळीत नसतो. ७ सप्टेंबर २०१३ रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत मेहतांनी बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रासह कार्यक्रम केला. बेथोव्हनची पाचवी सिंफनी तेथे वाजली, काश्मिरी वादकही सहभागी झाले. प्रवेश निमंत्रितांना होता, बंदोबस्त कडक होता, खोऱ्यात बंद होता. आणि त्याच दिवशी नागरिकांच्या संघटनांनी 'हकीकत-ए-काश्मीर' या नावाने समांतर कार्यक्रम योजला होता. बागेत बसलेल्याची आठवण आणि बागेबाहेर ठेवलेल्याची आठवण या दोन्ही त्या प्रयोगाच्याच आहेत. अंधारातून उजेडाकडे जाणाऱ्या त्या सिंफनीचा अर्थ दोघांना एकच लागला असेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. केवळ रूपाकडे पाहणारी समीक्षा येथे अपुरी पडते. पण रूप न ऐकताच निषेध किंवा गौरव करणारी समीक्षा तर सुरूही होत नाही.

अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी 'ऑर्केस्ट्रा' हा शब्द आला तो गणेशोत्सवातील चित्रपटगीतांच्या कार्यक्रमासाठी. समूहनादाचा खरा संस्कार येथे शिवभजनाचा, हरिनाम सप्ताहाचा आणि लग्नातल्या बँडचा. येथील श्रोत्याला सिंफनी भेटते ती ध्वनिमुद्रणातून. मुंबईचे सभागृह त्याच्यासाठी दूरच. अशा श्रोत्याने या संगीतावर लिहू नये, असा एक न बोललेला संकेत आपल्या वाङ्मयव्यवहारात आहे. तो संकेत तपासला पाहिजे. तबकड्यांवर वाढलेला मुंबईचा मुलगाही एके काळी याच दुरून ऐकत होता. प्रत्यक्ष हजेरी हे श्रवणाचे प्रमाणपत्र नव्हे. सभागृहात बसून केवळ संचालकाचे केस आणि कोट पाहून आलेल्यापेक्षा, टाळांच्या गजरात एकेक टाळ ओळखू शकणारा कान टिंपनीच्या त्या दबक्या ठोक्यांपाशी अधिक लवकर पोहोचेल. त्याला हवी आहे ती परिभाषा, आणि ती घडविण्याचे काम मराठी समीक्षेचे आहे.